आर्वीच्या जिनातला तिसरा भाग

चि. मुकुंद आणि चि. शालू यांस,

आर्वी हे गाव तुमच्या नैरोबीच्या शाळेतल्या नकाशात सापडणार नाही, तेव्हा शोधत बसू नका. वर्ध्याहून मोठ्या गाडीने पुलगावला जायचं, तिथे उतरून छोट्या गाडीत बसायचं, आणि ती छोटी गाडी जिथे संपते ते आर्वी. मी परवाच तिथून परत आले. तुमची आई विचारते की या वयात, या थंडीत, एकटीने आर्वीला जाण्यासारखं काय होतं. तिला सांगा, एक पुस्तक होतं. बाकीचं सगळं तुमच्यासाठी सविस्तर लिहिते आहे, कारण तुमची आई पुस्तकासाठी कुणी प्रवास करतं हे समजून घेणाऱ्यांतली नाही.

आपल्या घरातलं उजव्या हाताचं कपाट शालूला आठवणार नाही, मुकुंदाला कदाचित आठवेल. त्यात कपडे नाहीत, भांडी नाहीत. त्यात माझी आणि तुमच्या आजोबांची पुस्तकं आहेत. थोर पुस्तकं नव्हेत. थोर पुस्तकं बाहेरच्या खोलीत, आल्यागेल्याला दिसतील अशी ठेवलेली आहेत. कपाटात आहेत त्या स्वस्त, जाड्याभरड्या कागदावर छापलेल्या इंग्रजी साहसकथा. कुणी जंगलात हरवलेलं शहर शोधतो, कुणी समुद्राच्या तळाशी बोट नेतो, कुणी चंद्रापलीकडे जातो. लढाईच्या दिवसांत गोरे सोजीर गाडीतून जाता-येता ही पुस्तकं टाकून देत, ती नागपूरच्या रद्दीवाल्यांकडे येत, आणि तिथून आम्ही वेचून आणत असू. मी त्यांचे तीन कप्पे केले आहेत: जमीन, पाणी आणि आकाश. प्रत्येक पुस्तकात कडुलिंबाची पानं घातलेली आहेत, कारण हा कागद कसरीला फार आवडतो. मुखपृष्ठं मात्र झाकलेली नाहीत, कारण अर्धी मजा त्यांतच असते. ज्या मुखपृष्ठांवरच्या बायका पुरेसं ल्यायलेल्या नव्हत्या, त्यांना तेवढा मी खाकी कागद नेसवला आहे.

ही पुस्तकं वाचायचा आमचा एक नियम होता. संध्याकाळी जेवणं आटोपली की मोठ्याने वाचायचं. एक प्रकरण त्यांनी, एक मी. दुसरा नसताना पुढे वाचायचं नाही. आजोबा कामासाठी बाहेरगावी गेले की खूण घातलेलं पुस्तक तसंच पडून राही, आणि मी त्याला हातही लावत नसे.

आकाशाच्या कप्प्यात एक कादंबरी आहे, तीन भागांची. एक इंजिनियर आपल्या यानातून दूरच्या एका ताऱ्याजवळच्या जगात जाऊन पोचतो. तिथली हवा विरळ होत चाललेली असते. माणसांसारखीच पण बुटकी अशी तिथली प्रजा धापा टाकत जगत असते. हा त्यांच्यासाठी हवा तयार करणारं प्रचंड यंत्र उभारतो. इतक्यात त्याचं यान मोडतं. मग पृथ्वीवरून दुसरं यान येतं, पण त्यात एकाच माणसापुरती जागा असते. इथे दुसरा भाग संपतो. तिसरा भाग आम्हाला कधीच मिळाला नाही. तो परत येतो की तिथेच राहतो, यावर आमचं वर्षानुवर्षं भांडण चाललं. मी म्हणे, परत येतो. आजोबा म्हणत, राहतो. ते गेले तेव्हाही हा निकाल लागलेला नव्हता.

या दिवाळीत माझी जुनी विद्यार्थिनी सुशीला भेटायला आली होती. तिचे यजमान आर्वीला शाळामास्तर आहेत. कपाट उघडं होतं. ती पुस्तकं पाहत म्हणाली, "बाई, अशीच चित्रं आमच्या आर्वीच्या एका जिनात आहेत. पुस्तकंच आहेत. पण त्यांना कुंकू लावलेलं आहे."

मी तिला दुसऱ्या भागाचं मुखपृष्ठ दाखवलं. त्यावर तांबडं आकाश आहे आणि धुरांड्यासारखं एक उंच यंत्र आहे.

"हेच चित्र," ती म्हणाली. "यावर दोन आकडा आहे ना, त्यावर तीन होता."

तेव्हा आता कळलं, मी का गेले.

छोटी गाडी

पुलगावपर्यंतच्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. पुलगावहून निघणारी छोटी गाडी मात्र तुम्ही पाहायला हवी होती. तिचे रूळ इतके जवळजवळ आहेत की ती आपल्या गाडीचं खेळणं वाटते. डब्यात समोरासमोर बसलं की गुडघ्याला गुडघा लागतो, त्यामुळे न बोलता बसणं अवघड. माझ्यासमोर संत्र्यांची टोपली घेतलेले एक गृहस्थ होते. त्यांनी मला आपादमस्तक पाहून घेतलं आणि विचारलं,

"एकट्याच काऊन निघाल्या, बाई? लेकीकडे का?"

"नाही. एक पुस्तक आणायला चालले आहे."

"पुस्तक!" त्यांनी शेजारच्याला कोपराने ढोसलं. "ऐकलं का? पुस्तकासाठी आर्वी! मले वाटलं आर्वीले फक्त कापूस भेटते."

मग त्यांनी रशियाचा विषय काढला. या महिन्यात कुणीही कुणाला भेटलं की हाच विषय निघतो. "रशियावाल्यानं वर गोळा सोडला म्हनते. एक कुत्री बी बसवून देली म्हनते. खरं हाये का, बाई? तुमी शिकलेल्या दिसता."

"खरं आहे."

"मंग थे कुत्री वर खाते काय?"

आजोबा असते तर त्यांनी काहीतरी ठोकून दिलं असतं आणि डबाभर हसू पिकलं असतं. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. दोन्ही बाजूंनी कापूस फुटला होता, मध्ये मध्ये तुरीचे पट्टे होते. तुमच्याकडच्या कॉफीच्या मळ्यांसारखं इथे हिरवंगार काही नसतं. या दिवसांत आपलं रान पांढरं आणि करडं असतं, आणि लांबून बरंच उदास दिसतं.

अर्ध्या वाटेवर गाडी थांबली. रुळांवर एक बैल बसला होता आणि उठायला तयार नव्हता. गार्ड, ड्रायव्हर आणि निम्मे उतारू त्याला उठवण्यात गुंतले. उरलेले निम्मे बोरी शोधायला पांगले. मीही उतरले. बोरं चांगली पिकली होती. पण ओंजळभर मिळवता मिळवता माझ्या लुगड्याचा पदर काट्यात असा अडकला की सोडवायला संत्रीवाल्यांना यावं लागलं. पदर फाटलाच. "पुस्तक महागात पडून राह्यलं, बाई," ते म्हणाले आणि भरपाई म्हणून माझ्या हातावर दोन संत्री ठेवली.

आर्वी

सुशीला स्टेशनवर आली होती. तिच्याकडे जेवायला ताज्या तुरीच्या सोल्यांची आमटी, ज्वारीची भाकरी आणि ठेचा असा बेत होता. मी लग्न होऊन पुण्याकडून इकडे आले, तेव्हा आमटीत इतकं तिखट आणि वर कच्चं तेल पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आता पुण्याची आमटी मला पाणचट लागते. सुशीला समोर बसून आग्रह करत होती आणि मी दोन घास जास्त खाल्ले. घरी एकटीपुरतं रांधायचं म्हणजे सोले काढण्याचा खटाटोप कोण करतो?

दुपारी आम्ही जिनात गेलो. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याचा कारखाना. फाटकाबाहेर कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, लांब रांग होती. आत एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये ओळीने सरकी काढायची यंत्रं, म्हणजे रेचे, लावलेले, प्रत्येक रेच्यापुढे एक बाई उभी राहून मुठीमुठीने कापूस घालत होती. खाली सरकी पडत होती, मागून रुई उडत होती. हवेत इतका तंतू की सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. पाच मिनिटांत माझे उरलेले काळे केसही पांढरे झाले.

या सगळ्या रेच्यांना फिरवणारं जुनं इंजिन मागच्या खोलीत होतं आणि त्या इंजिनाचे मिस्त्री होते उकंडराव. उंच, वाकलेले, साठीच्या आसपासचे. सुशीलाने ओळख करून दिली, "या माझ्या शाळेतल्या बाई. इंग्रजीत शिकलेल्या आहेत. तुमची पुस्तकं पाहायला आल्यात."

उकंडरावांनी इंजिनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा असा उजळला की मला जरा संकोचच वाटला.

"या, बाई, या. मी कवापासून वाट पाहून राह्यलो!"

त्यांनी बादलीत हात धुतले, सदऱ्याला पुसले, पुन्हा धुतले. भिंतीत एक कोनाडा होता. त्यातून त्यांनी लाल कपड्यात बांधलेलं गाठोडं काढलं आणि स्टुलावर ठेवून सोडलं. दहा-बारा पुस्तकं होती. कडा पिवळ्या पडलेल्या, पण एकही पान दुमडलेलं नाही. मी इतकी वर्षं ही पुस्तकं गोळा करते आहे, पण इतक्या जपलेल्या प्रती मी पाहिल्या नव्हत्या. आणि प्रत्येकीवर हळदीकुंकू. नव्या मोटारीच्या नाकाडावर जसं लावतात तसं, आकाशयानाच्या नेमक्या टोकावर.

वरून तिसरं पुस्तक तांबड्या आकाशाचं होतं.

मी हात पुढे केला नाही. तुमचे आजोबा रद्दीवाल्याकडे जाताना नेहमी बजावत, की हवं ते पुस्तक सगळ्यांत शेवटी उचलायचं.

उकंडराव इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून बोलत होते. हे इंजिन एका गोऱ्या साहेबाने बसवलं. उकंडराव तेव्हा तेल देणारे होते. साहेब दिवसभर इथे खुर्ची टाकून बसे आणि यांतलं एखादं पुस्तक वाचत असे. इंजिन कुरकुरलं की पुस्तक पालथं ठेवून उठे, दुरुस्ती करे, पुन्हा बसून वाचे. पुढे साहेब आपल्या देशी गेला. जाताना पुस्तकं इथेच ठेवून गेला. मग दरवर्षी खंडेनवमीला पान्हे, हातोडे आणि इंजिन यांच्याबरोबर पुस्तकांचीही पूजा होऊ लागली. मशीनची पुस्तकं ती. चित्रातही मशीनच होती.

"गेल्या वर्षी मी नागपूरले जाऊन दीक्षा घेतली, बाई. पूजा सोडली. हे कुकू आधीचं हाये. पन पुस्तक काही देव नाई. पुस्तक कसं सोडाव?" ते म्हणाले. "आता एवढं करा. इंजिनात ठोका येऊन राह्यला. ऐका. टक... टक... आला ना? मालक म्हनते, हे काढून विजेच्या मोटरी लावतो. ठोका गेला त इंजिन आखीन चालन. ह्याच्यात कुठं तरी लिहून असनच. एवढं वाचून सांगा मले."

मी मनात म्हटलं, आता काय करावं?

"आवाजात सुचत नाही," मी ओरडून सांगितलं. "उद्या येते."

"उद्या बाजार हाये, जिन बंद राहीन. निवांत पाहाजा."

त्यांनी गाठोडं पुन्हा बांधलं आणि कोनाड्यात ठेवलं.

वाटेत सुशीला म्हणाली, "बाई, सोपं आहे. म्हणावं, यातलं एक पुस्तक घरी नेऊन नीट अभ्यासते. ते आनंदाने देतील. त्यांना कुठे कळणार आहे?"

"मग ते माझ्या निरोपाची वाट पाहतील."

"पाहतील थोडे दिवस, मग विसरतील. तुम्ही इतक्या लांबून आलात ना!"

ती माझ्यावरच्या मायेने म्हणत होती. आणि खरं सांगायचं तर, तिच्या अंगणात हातपाय धुताना मी ते वाक्य मनाशी जुळवूनही पाहिलं. अगदी सहज जुळत होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे वर्ध्याच्या घरातली कपाटाची खोली आली, आणि मी फसवून आणलेला तिसरा भाग घेऊन एकटीच बसले आहे असं दिसलं.

बाजाराचा दिवस

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले. इंजिन बंद असलं की जिन अगदी रानासारखं मुकं असतं. उकंडरावांची खोली आवारातच होती. दारापुढे त्यांची बायको, पार्बताबाई, तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिने घोंगडी अंथरली, पाण्याचा तांब्या आणला आणि माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली.

"आमच्या घरचं चालन का, बाई?"

मी हात पुढे करून तांब्या घेतला. पाणी थंडगार होतं. ती बघत होती, म्हणून मी सगळं प्यायले, आणि मग सगळं प्यायल्याची मलाच लाज वाटली. जणू काही करून दाखवत होते. तिला ते कळलं असावं. "अवो, एवढं थंडीचं पानी पेऊन पोट दुखन," ती म्हणाली आणि हसायला लागली.

उकंडराव गाठोडं घेऊन आले. आज त्यांनी स्वच्छ धोतर नेसलं होतं. मी पुस्तकं एकेक करून उघडली. साहेबाने मध्येच एखादं खरं यंत्राचं पुस्तक ठेवलं असेल, अशी मला वेडी आशा होती. मी शेवटच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानापर्यंत पाहिलं. नव्हतं.

"मिस्त्री," मी म्हटलं, "ही यंत्रांची पुस्तकं नाहीत. या गोष्टी आहेत."

"गोष्टी म्हनजे?"

"कहाण्या. मनाने रचलेल्या. करमणुकीसाठी."

"सगळेच?"

"सगळीच."

त्यांनी एक पुस्तक ओढून घेतलं. "हे बी? ह्याच्यात त एवढं मोठं इंजिन हाये."

"ते जमिनीत भोक पाडत पृथ्वीच्या पोटात जातं."

"जाते?"

"गोष्टीत जातं."

पार्बताबाईने सूप खाली ठेवलं.

"म्हनजे साहेब कामाच्या वक्ती कहान्या वाचून राह्यला होता! आन तुमी त्याच्या कहान्याले वर्सोनवर्स कुकू लावलं! अवो बाई, घरच्या बायकोले ह्या मानसानं कधी एक फूल नाई आनलं."

"तू चूप राह्य," उकंडराव म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मंग ठोका कसा काढे तो?"

"ते मला खरंच माहीत नाही."

त्यांनी पुस्तक हळूच खाली ठेवलं. "इंजिनाले कान लावून उभा राहे. लय वेळ. मले वाटे, वाचलेलं आठवून राह्यला."

"कान त तुमाले बी हायेत," पार्बताबाई शेंग सोलत म्हणाली.

ते उठले आणि इंजिनाच्या खोलीत निघून गेले. मला वाटलं, झालं, मी या माणसाची आशा काढून घेतली आणि बदल्यात काहीच दिलं नाही. मी निघायच्या विचारात होते, पण पार्बताबाईने माझ्यापुढे शेंगांचा ढीग सारला. "सोला जरा. त्यायचं असंच असते. येतीन."

आम्ही दोघींनी शेंगा सोलल्या. ती मधूनमधून काहीबाही विचारत होती: लेक कुठे आहे, नातवंडं किती मोठी आहेत, समुद्र ओलांडून पत्र कसं येतं. "मंग घरी कोन असते तुमच्या?" तिने विचारलं. मी म्हटलं, कुणी नसतं. "मंग बोलता कोनासंगं?" हा प्रश्न मला आजवर कुणी विचारलेला नव्हता. मी म्हटलं, दूधवाल्याशी.

उकंडराव परत आले तेव्हा त्यांच्या कानाला आणि गालाला काळं तेल लागलेलं होतं. ते घोंगडीच्या कडेला बसले.

"न्या बाई, सगळे न्या. कहान्या हायेत त तुमच्याच कामाच्या. इथं कोन वाचते?"

मी तांबड्या आकाशाचं पुस्तक तेवढं उचललं आणि बाकीची पुन्हा कपड्यात बांधायला घेतली.

"एकच?" पार्बताबाई म्हणाली. "एवढ्या दूरून येऊन एकच? काय हाये असं त्याच्यात?"

मी सांगितलं. तीन भाग, दोघांचं मोठ्याने वाचणं, आमचा नियम, अडलेलं भांडण. सांगताना मला वाटलं, परक्यांपुढे हे फार होतं आहे. पण ती शेंग हातात धरून ऐकत राहिली. शेवटी मी म्हटलं, "मिळालं तर खरं. पण एकटीने वाचायची सवय नाही."

"मंग आमी काय दगड हावो काय?" पार्बताबाई म्हणाली. "वाचा इथं."

तिसरा भाग

तिसऱ्या भागाआधी पहिले दोन सांगायला हवे होते. मी ते आठवून सांगितले. मग पुस्तक उघडलं आणि इंग्रजी ओळी डोळ्यांनी वाचत तोंडाने मराठीत सांगू लागले. पार्बताबाई प्रत्येक संकटाला "अगो माय!" म्हणत होती. बुटक्या प्रजेच्या राणीबद्दल तिचं मत पहिल्यापासून वाईट झालं. "ह्या बाईचं काही खरं नाई. त्या मानसाले फसवन थे." उकंडराव एका पान्ह्यावरचा गंज घासत पाठमोरे बसले होते आणि ऐकत नसल्यासारखं दाखवत होते. पण यंत्राचं वर्णन आलं की हात थांबत.

"ह्या हवेच्या मशीनले कोळसा कुठून आनते?"

"कोळसा लागत नाही. ताऱ्याच्या उष्णतेवर चालतं, असं लिहिलं आहे."

"हं." थोड्या वेळाने पुन्हा, "आन पट्टा?"

"पट्ट्याचं काही लिहिलेलं नाही."

"पट्ट्याबिगर कसं फिरन?"

मध्ये एकदा जेवण झालं. गरम भाकरी, सोल्यांची भाजी, कांदा. मग पुन्हा वाचन. सावल्या अंगणातून भिंतीवर चढल्या. शेवटची प्रकरणं मी न थांबता वाचली, कारण थांबले असते तर दुसऱ्याची पाळी आहे असं वाटलं असतं.

इंजिनियर परत येतो. राणीच त्याला बळेबळे यानात बसवते. तांबडं आकाश मागे पडतं, पृथ्वी निळी दिसू लागते, आणि शेवटच्या पानावर तो आपल्या गावाच्या रस्त्यावरून चालत घरी जातो.

मी पुस्तक मिटलं.

"म्हनजे तुमी जिकल्या!" पार्बताबाई म्हणाली. "मानूस परत आला ना!"

"हो. मी जिंकले."

"मंग सांगा ना जोरानं! एवढे वर्स भांडल्या."

मी हसले. इतकी वर्षं मी या क्षणी काय म्हणेन ते ठरवून ठेवलं होतं. एक लांब, टोमणेवजा वाक्य होतं. ते ऐकायचा अधिकार एकाच माणसाचा होता, त्यामुळे ते मी बोलले नाही. पार्बताबाईने ओळखलं आणि चुलीकडे पाहण्याच्या निमित्ताने आत गेली.

उकंडराव अजून पान्हा घासत होते. मग त्यांनी तो खाली ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे तोंड करून बसले.

"बाई, आन थे मशीन?"

"कोणतं?"

"हवेचं. थे त तिथंच राह्यलं ना? चालूच?"

"हो."

"मंग तेल कोन देते तिले?"

मी पुस्तक पुन्हा उघडलं. शेवटची दोन प्रकरणं पान उलटत पाहिली. घाईत एखादी ओळ गाळली असेल, त्या बुटक्या लोकांपैकी कुणाला तरी त्याने शिकवून ठेवलं असेल, निदान निघताना मागे वळून पाहिलं असेल. काहीच नव्हतं. लेखकाने माणसाला घरी सुखरूप पोचवलं होतं आणि यंत्राचा विषय सोडून दिला होता.

"लिहिलेलं नाही, मिस्त्री."

"असं कसं लिहिलं नाई?" ते पहिल्यांदा रागावलेले दिसले. साहेबावर रागावले नव्हते, माझ्यावर नव्हते. या लेखकावर रागावले. "चालू मशीन टाकून कोनी जाते काय? ठोका आला त? थ्या लोकायले कुठं मालूम! त्यायच्या पोराबाळाले हवा पायजे ना!"

आम्ही दोघं, मी आणि तुमचे आजोबा, त्या माणसाबद्दल इतकं भांडलो. त्याने यावं की राहावं, त्याचं धैर्य, त्याचं कर्तव्य. त्या यंत्राचं काय होईल हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही मनात कधी आलं नाही.

उकंडराव उठले, तेलाची झारी घेतली आणि उद्याच्यासाठी इंजिन पाहायला आत गेले.

पार्बताबाईने मला सोल्यांची पुडी बांधून दिली आणि फाटकापर्यंत पोचवलं. "आखीन येजा, बाई," ती म्हणाली. "त्या गाठोड्यातल्या बाकीच्या कहान्या त तशाच पडून हायेत." मी येईन म्हटलं.

दुसऱ्या दिवशी छोटी गाडी वेळेवर निघाली. डब्यात माझ्यासमोर कुणीच नव्हतं. मांडीवर तिसरा भाग होता, आणि मला फार वाटत होतं की घरी जावं, कुलूप नसावं, आणि चपला काढायच्या आधी दारातूनच विचारावं, की अहो, त्या यंत्राला तेल कोण देत असेल?

म्हणून तुम्हाला विचारते. दोघांनी विचार करून वेगवेगळं उत्तर लिहा. एकमेकांचं पाहू नका. उत्तरं जुळली नाहीत तर बरंच होईल. मला भांडायला कुणीतरी हवं आहे.

तुमची
आजी